पारामागची वाट

माझ्या जावेचं मला पहिल्यापासून खुपतं. आता लिहायलाच बसले आहे तर आडपडदा कशाला ठेवू? ती वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. ती हसरी आहे, कामाला चलाख आहे, मला मान देऊन 'बाई, बाई' करते. आणि ज्यासाठी मी जन्म घासला ते तिला नुसता हात पुढे केला की मिळतं. हे एकदाच झालं असतं तर विसरून गेले असते. पण आमच्या घरात हे रोजचंच आहे आणि आमच्या गावच्या आराखड्यात तर ते कायमचं छापून ठेवायची वेळ आली होती.

आमचं गाव घनसावंगी तालुक्यातलं. गावात शिरलं की मारुती, मारुतीपुढे लिंबाचा मोठा पार, आणि पारावर सकाळ-संध्याकाळ गावातली जाणती पुरुषमंडळी. जीपा पारासमोर थांबतात. किराणा दुकान तिथंच, पिठाची गिरणी तिथंच, ग्रामपंचायतीची कचेरीही तिथंच. आणि गावच्या सुनेनं पारासमोरून जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. अगदीच अडलं, तर पदर कपाळापर्यंत ओढून, चप्पल हातात घेऊन, मान खाली घालून जायचं. लेकींना ही रीत नाही. गावची लेक पारावर चढून उड्या मारील, तिला कुणी हटकणार नाही. सुनेनं मात्र मागून जायचं.

मागून म्हणजे घरांच्या पाठीमागून. आमच्या गोठ्यापासून ही वाट निघायची, उकिरड्यांच्या कडेनं, बाभळीखालून, गायरानाच्या टोकाला वळसा घालून शाळेच्या मागे, गिरणीच्या अंगाला, बाहेर पडायची. पुढून गेलं तर हाकेच्या अंतरावर असलेली गिरणी मागून चांगलीच लांब पडायची. पावसाळ्यात घोटाभर चिखल असायचा आणि डोक्यावर दळणाचा डबा. माझं माहेर मंठ्याकडचं. तिथं मी वडिलांबरोबर बाजारात खुशाल हिंडलेली, त्यामुळे लग्न होऊन आल्यावर पहिलं वर्ष ह्या वाटेवर मी रडतच गेले.

मग हळूहळू ती वाट आमची झाली. बाभळीखाली एक सपाट दगड होता. दळण ठेवायच्या निमित्तानं तिथं टेकायचं. घरात जे तोंडातून काढता यायचं नाही ते सगळं तिथं बोललं जायचं. कुणाला दिवस गेले हे सासूच्या आधी त्या दगडाला कळायचं. कुणाच्या नवऱ्यानं काय म्हटलं, कुणाच्या भावानं कसलं लुगडं आणलं, सगळं तिथंच. आम्ही इतक्या मोठ्यानं हसायचो की परसात उभी असलेली माझी सासू मुद्दाम खोकायची. ती वाट अपमानाची होती, हे मला कळत होतं. पण सबंध गावात आमची म्हणावी अशी जागा तेवढीच होती.

धाकटी जाऊ माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. बी.ए. झालेली, जालन्यात शिकलेली. पहिल्या आठवड्यात मीच तिला मागच्या वाटेनं गिरणीवर घेऊन गेले. वाटेत तिचा पाय शेणात गेला. तिनं पाय झटकला, इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, ही काय वाट हाये? पुढून रस्ता असताना इथून कशाला जाऊन राह्यलो आपण?"

मी तिला रीत सांगितली. ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पदर खांद्यावर आणि चप्पल पायात अशी ती पारासमोरून गेली, आणि पारावरच्यांना हसून नमस्कारही करून आली.

मी वाट बघत बसले की आता घरात भूकंप होतो. काही झालं नाही. सासूबाई तोवर थकल्या होत्या. सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ते पारावरच बसले होते, घरी येऊन एवढंच म्हणाले, "नव्या जमान्याची पोर हाये. चालायचंच." नव्या जमान्याची! माझ्या वेळी हा जमाना कुठं झोपला होता? मी एकदा तापलेल्या पोराला घेऊन घाईत पुढून गेले होते, तर ह्याच माणसानं दोन दिवस माझ्या हातचं जेवण घेतलं नव्हतं. जाऊ पुढून गेली त्या दिवशी भाकरी थापताना माझी एकही भाकरी धड फुगली नाही, इतका माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

पुढं आमच्या वॉर्डातली ग्रामपंचायतीची जागा बायांसाठी राखीव झाली. घरात पुरुषांनी बसून ठरवलं. मामा म्हणाले, "धाकटीला उभी करा. तिला बोलता येतं." मी तेव्हा चहा घेऊन दारात उभी होते. मलाही बोलता येत होतं. मला कुणी बोलू दिलं नव्हतं, एवढाच फरक. ती निवडून आली, अंगणात गुलाल उधळला गेला आणि दुसऱ्या दिवशी तो गुलाल मी झाडला. ती मदतीला आली होती, हेही सांगते. मी तिला "जा, तुला सभा असंल" म्हणून पिटाळलं.

अशात गावच्या जमिनीचा आराखडा नव्यानं करायचं निघालं. कुठली जमीन कशासाठी ठेवायची ते ठरवून नकाशावर आणायचं: गावठाण कुठं वाढणार, गायरान किती राहणार, स्मशानभूमीला रस्ता कुठून, शेतात जायच्या पाणंदी कुठून. जुन्या नकाशात तर आमचा पाझर तलावच नव्हता, आणि भीमनगर वसलंय तिथं नुसती पडीक जमीन दाखवली होती. आधी गावावरून ड्रोन उडाला. त्याच्या फोटोत बाभळी दिसल्या, बाभळीखालची वाट काही दिसली नाही.

बाभळीची ती पट्टी सरकारी होती आणि मोकळी दिसत होती. माझ्या जावेनं तिथं बायांसाठी सभागृह सुचवलं. बचत गटाला बसायला जागा, शिलाई मशीन, संडास-न्हाणी, सगळं एका छपराखाली. पण सभागृह तिथं झालं की आमची वाट बुजणार होती. सगळ्या गावात ती जागा मोक्याची आहे हे मलाही कळत होतं. पण ते तिला सुचलं होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

गावसभेच्या आधी बायांची वेगळी सभा असते. ती शाळेच्या पटांगणात भरली. तालुक्याहून एक मुलगी आली होती, आराखड्याच्या कामावरची. तिनं रांगोळीचे डबे मांडले आणि म्हणाली, "तुमचं गाव तुम्हीच जमिनीवर काढा. पुरुषांचं काढून झालंय. तुम्ही रोज कुठून जाता, कुठं बसता, पाणी कुठून आणता, ते सगळं दाखवा." रांगोळी म्हटल्यावर बाया लाजेनात. कुणी हिरव्या रंगानं गायरान भरलं, कुणी लिंबाचा पाला ठेवून झाडं केली, कुणी गव्हाच्या दाण्यांनी वस्ती मांडली. माझ्या जावेनं गेरूनं मारुती आणि पार काढला आणि पारासमोर पांढरा रस्ता ओढला. सरळ, रुंद, एका दमात. तिचा हात रांगोळीतही चांगला आहे.

मी उठले, तिच्या हातातून पांढरा डबा घेतला आणि आमच्या गोठ्यापासून वाट काढायला सुरुवात केली. उकिरड्यांच्या कडेनं, बाभळीखालून, वळशासकट. माझ्या वयाच्या बाया एकेक करून येऊन वाकल्या. "दगड ऱ्हायला की गं," एक जण म्हणाली आणि तिनं खरोखरीचा एक खडा आणून ठेवला. कुणी तरी हसलं आणि बघता बघता आम्ही सगळ्या पहिल्यासारख्या हसायला लागलो. तालुक्याची मुलगी तर बघतच राहिली. ही वाट कुठल्याच नकाशात नाही म्हणाली.

जाऊ म्हणाली, "बाई, ती वाट आता कशाला? तिथं सभागृह धरलंय. आपण पुढून जाऊ ना बिनधास्त."

"सभागृह सरकव," मी म्हणाले. "वाट न्हाई सरकायची."

"पण का?"

मी कारणं दिली. डोक्यावर ओझं असलं की मागून बरं पडतं, शेरडं न्यायला सोयीचं, बाईमाणसाला आडोसा लागतो. कारणं खोटी नव्हती, पण पोटातलं दुखणं वेगळंच होतं. आम्ही चिखल तुडवून पायानं केलेली ती वाट. तू एकदा शेणात पाय घालून सुटलीस, आणि आता ती पुसणारही तूच? मग आम्ही इतकी वर्षं काय केलं, ते कुठं दिसायचं? असं मला ओरडून विचारायचं होतं.

भीमनगरची एक बाई, बचत गटात माझ्याबरोबर असते, ती उठून म्हणाली, "आमच्या आजेसासवांना पारासमोरून जाऊ देत नव्हते. आम्ही आता मुद्दाम पुढून जातो. मला इचाराल तर ही वाट ठुवूच नका." तिचं म्हणणं बराबर होतं. पण मी तेव्हा कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. हात वर झाले आणि आमचे जास्त निघाले. जाऊ रांगोळीचे डबे आवरायला लागली. त्या संध्याकाळी मी वांग्याचं भरीत केलं आणि घरात सगळ्यांनी बोटं चाटली.

गावसभेत मला वाटलं होतं, पुरुष फाटे फोडतील. तर झालं उलटंच. पारावरचे एक वडीलधारे, आमच्या सासऱ्यांचे दोस्त, उभे राहिले. सासऱ्यांच्या वयाच्या सगळ्यांनाच आम्ही सुना मामा म्हणतो. ते मामा म्हणाले, "थोरल्या सूनबाईनं गावाची रीत राखली. शिकल्या-सवरल्या बायांनी हे ध्यानात घ्यावं." आणि सबंध सभेदेखत त्यांनी माझ्या जावेकडे बघितलं.

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतकी वर्षं मागून गेले, पण ह्या गावानं मला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. जावेचा चेहरा उतरला होता. तोही मी डोळे भरून बघितला. सभागृह ओढ्यापलीकडे स्मशानाच्या रस्त्याला सरकलं. तिथं एकटीदुकटी बाई दिवसासुद्धा जात नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आराखडा अजून कच्चाच होता, तरी ग्रामपंचायतीनं वाटेचं काम लगेच हाती घेतलं. असं जल्दी काम मी ह्या गावात पाहिलं नव्हतं. जेसीबी आला, बाभळी गेल्या, दगड बाजूच्या खड्ड्यात गेला, वर मुरूम पडला. वाट रुंद, स्वच्छ आणि उघडी झाली. आता तिथं टेकायला काही उरलं नव्हतं, सावली नव्हती, आणि एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकापर्यंत सगळं गावाला दिसत होतं. आम्ही बाया एक-दोनदा गेलो. पण बोलणं काही जमेना.

पारावर मात्र वाटेचं फार कौतुक. नव्या सुनांना आता हटकायला लागले, "वाट झालीय की, मागून जा." पूर्वी कुणी सांगायचं नाही, आमचं आम्हीच समजून घ्यायचो. आता बोट दाखवून सांगत होते. माझ्या जावेलाही म्हणाले. ती स्कूटीवर होती, "बरं मामा" म्हणाली आणि पुढूनच गेली. ते ऐकून मला पुन्हा खुपलं. तिचं कधीच काही अडत नाही.

मग एक दिवस माझी लेक जीप न पकडता परत आली. ती घनसावंगीच्या कॉलेजात शिकते. दप्तर खाटेवर टाकून माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, मी ह्या गावची लेक हाये का सून?"

"काय झालं?"

"जीपपाशी उभी ऱ्हायले तर पारावरून आजोबांचे ते दोस्त म्हणले, तिकडून मागून येत जा पोरी. तुझ्या आईनंच वाट मागून घेतली. सगळ्यांसमोर. पोरं हसली सगळी."

लेकींना ही रीत नव्हती, कधीच नव्हती. मी सुनांसाठी भांडले आणि ती वाट त्यांनी माझ्या लेकीच्या पायाखाली नेऊन घातली. तेवढ्यात बाहेर स्कूटीचा आवाज आला. जावेनं सगळं ऐकलं असावं. "चल, मी सोडते कॉलेजात," ती माझ्या लेकीला म्हणाली, आणि माझी लेक मला न विचारता तिच्या मागं बसली. दोघी पारासमोरून गेल्या. दारात उभी राहून मी बघत राहिले. आधी सासरे घेतले, मग वॉर्ड घेतला, आता लेक घेतली, असंच माझ्या मनात आलं. त्या क्षणी मला पारावरच्यांचा जेवढा राग यायला हवा होता तेवढा आला नाही, सगळा तिचाच आला.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. आराखडा पक्का होण्याआधी हरकती ऐकायला एक सभा असते, हे तिनं सांगितलं. "बाई, त्या सभेत तुम्ही उठा. वाट काढून टाका, सभागृह परत तिथं घ्या, लेकीसुना पुढून जातील, असं म्हणा. माझं ते बिलकुल ऐकायचे न्हाईत. तुमचं ऐकतात."

मी लगेच हो म्हटलं नाही. ह्या घरात पहिल्यांदाच तिला माझ्याकडून काही हवं होतं. मी तिला थांबवून ठेवलं, दूध तापवलं, देवापुढं दिवा लावला, उगीच डबे पुसले. ती बसून राहिली. शेवटी म्हणाले, "उठते. पण तू सांगितलं म्हणून न्हाई. पोरीसाठी."

"मी कुठं म्हणले माझ्यासाठी म्हणून," ती म्हणाली.

सभेच्या दिवशी मी काय बोलायचं ते कुणाकडून घोकून घेतलं नाही. मी उभी राहिले. मागच्या सभेत माझं कौतुक केलेल्या मामांकडे वळले. म्हणाले, "मामा, ती वाट आम्ही लाजेपायी पाडली होती. मी लई वर्सं चालले, मला ठावूक हाये ती कशी हाये. माझं बोलणं चुकलं असंल, पण माझ्या लेकीनं त्या वाटेनं जायचं न्हाई. कुणाच्याच लेकीनं न्हाई आन् सुनंनं बी न्हाई. ती जागा बायांना बसायला द्या." भीमनगरच्या त्या बाईनं जागेवरूनच "बराबर हाये" म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गावासमोर मी माझ्या मनातलं बोलले होते आणि कुठं अडखळले नव्हते.

मामा हसले. त्यांच्या बाजूचे दोघे-तिघे हसले. आमचे सासरे मान खाली घालून बसले होते.

"सूनबाई, परवा एक न् आज एक?" मामा म्हणाले. "हे तुझं बोलणं न्हाई. धाकटीनं भरवून पाठवलेलं दिसतंय."

सगळी सभा हसली. कुणी तरी टाळीही दिली.

मी उभीच होते. मला सांगायचं होतं की हे माझं आहे. ह्यातला एकही शब्द तिचा नाही, लाज माझी, चिखल माझा, लेक माझी. जाऊ उठून मोठ्यानं म्हणाली, "मी काही शिकवलं न्हाई त्यांना, त्यांचंच हाये ते." आणि तिनं तसं म्हटल्यावर तर सगळ्यांची खात्रीच पटली. मागच्या वाटेसाठी भांडले तेव्हा ते बोलणं माझं होतं. पुढच्या वाटेसाठी बोलले तर ते तिचं झालं. आराखडा वाटेसकट मंजूर झाला.

सभा सुटल्यावर पुरुष पारावर येऊन बसले होते. बाहेर माझी लेक आमची वाट बघत थांबली होती. जावेनं स्कूटी हातानं ढकलत नेली, म्हणजे मला चालत बरोबर जाता यावं. आम्ही तिघी पारासमोरून निघालो. मी मान खाली घातली नाही. त्या दोघी चार पावलं पुढं होत्या. जावेनं लेकीच्या कानाशी काहीतरी म्हटलं, लेकीनं तिच्या दंडावर हलकीच चापट मारली आणि दोघी खळखळून हसल्या. कशावरून हसल्या ते मला ऐकू आलं नाही. मी पाय उचलून भराभर चालायला लागले.